एपिओलॉइडिस कोकीळ-माशीसाठी लिसिमाकिया: कुठली, किती, कशी?

पाणथळ_अंगण: अमेरिकेतल्या कनेक्टिकटमध्ये घरामागे ओलसर उतार आहे, ऊन पाच-सहा तास. शेजारून उच्चदाब वीजतारांचा मोकळा पट्टा जातो. एपिओलॉइडिस पिलोस्युलस ही रानमधमाशी मॅक्रोपिस नावाच्या दुसऱ्या रानमधमाश्यांच्या बिळांत अंडी घालते आणि मॅक्रोपिसला पिवळ्या फुलांची लिसिमाकिया ही वनस्पतीच लागते, इतकं ठाऊक आहे. कुठली जात लावू, किती? आणि परजीवीला पोसून आपण मॅक्रोपिसचाच जीव घेत नाही ना?

तृणपात: आधी शंकेचं. कोकिळेपेक्षा कावळे नेहमीच जास्त असावे लागतात, तसंच इथे. यजमान विरळ झाला की आधी परजीवी संपते. त्यामुळे तिच्यासाठी थेट करण्यासारखं काही नाही. मॅक्रोपिस भरपूर होतील एवढं बघायचं. एपिओलॉइडिस नामशेष झाल्याचं मानलं जात होतं. २००२ मध्ये कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियात ती पुन्हा सापडली, २००६ मध्ये कनेक्टिकटमध्ये, आणि तीही वीजतारांखालच्या पट्ट्यात. तिथे झाडं वाढू देत नाहीत, ऊन जमिनीपर्यंत पोचतं, म्हणून लिसिमाकिया टिकते. लावणीआधी जुलैत परवानगी घेऊन पट्ट्यातली फुलं तपासा. जवळपास मॅक्रोपिस नसेल तर अंगणातला ताटवा बहुधा रिकामाच राहील.

ओलमाती: लिसिमाकियाच्या जातींपैकी ओल्या भागात सिलिएटा किंवा टेरेस्ट्रिस, वरच्या कोरड्या कडेला क्वाड्रिफोलिया. नर्सरीत नुसतं 'लूजस्ट्राइफ' (लिसिमाकियाचं इंग्रजी नाव) मागू नका, जांभळं लिथ्रम हाती पडेल. ते वेगळ्याच कुळातलं आहे आणि पाणथळ जागा गिळून टाकतं. युरोपातली पंक्टाटाही टाळा.

२५-३० रोपं एकाच जागी, ४५ सेंमी अंतराने. बागभर विखरू नका. बी लावणार असाल तर ओल्या वाळूत मिसळून सुमारे तीन महिने फ्रीजमध्ये ठेवा, मग मातीवर भुरभुरा; खोल पुरलं तर उगवण मार खाते. सिलिएटा जमिनीखालून पसरते, तिला मोकळी जागा द्या.

बहुतेकांचं चुकतं ते पुढे. लिसिमाकियाच्या फुलात मकरंद नसतो, तेल आणि पराग असतात. मादी तेल पिल्लांच्या खाद्यात कालवते, शिवाय मातीतल्या कोठडीला आतून लिंपते, म्हणून ओल्या जमिनीतही कोठडी भिजत नाही. पण माश्यांना स्वतःच्या पोटासाठी मकरंद हवाच. त्याच दिवसांत फुलणारी, मकरंद देणारी अपोसायनम आणि स्पायरिया ही झाडं शेजारी हवीत.

तृणपात: जमिनीचंही बघा. बिळं उथळ असतात, जेमतेम काही सेंटीमीटर, बरेचदा उतारावर गवताआड. जाड मल्च (मातीवरचं आच्छादन) किंवा तणरोधक कापड घातलं तर मादीला उकरताच येत नाही. पिल्लं पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मातीतच असतात, म्हणून जुन्या ताटव्यातून विभागणीसाठी रोपं उपटू नका. त्यासाठी वेगळा वाफा ठेवा. कापणी फुलं संपल्यावर, शरदाच्या अखेरीस, १५-२० सेंमी खुंट ठेवून.

पानांच्या नुसत्या शिरा उरल्या तर मोनोस्टेजिया नावाच्या सॉफ्लायच्या (मधमाश्यांच्या नात्यातला एक कीटक) अळ्या आहेत. त्या सुरवंटांसारख्या दिसतात, पण फुलपाखरांच्या कुळातल्या नाहीत, त्यामुळे सुरवंटांवरचं बीटी हे जिवाणूंपासूनचं कीटकनाशक त्यांना लागू पडत नाही. वेचून साबणाच्या पाण्यात टाका. फवारणी नको, आणि रोपं घेताना निओनिकोटिनॉइड (मधमाश्यांना घातक कीटकनाशक) वापरलेलं नाही ना, हे विचारा.

पाणथळ_अंगण: आणि माशी ओळखायची कशी? रंगीत वाट्यांचे सापळे लावू का?

ओलमाती: सापळ्यात माशी मरते; इतक्या दुर्मीळ जातीसाठी ते नकोच. उन्हाच्या दिवशी दहा ते तीनमध्ये फुलांशी बसून फोटो काढा. मॅक्रोपिस मादी काळी, लहान, मागच्या पायांवर दाट केस. नराचा चेहरा पिवळा. एपिओलॉइडिसच्या पायांवर पराग गोळा करणारे केस नसतात, आणि ती लिसिमाकियापेक्षा मकरंदाच्या फुलांवर किंवा जमिनीलगत बिळं शोधत फिरताना दिसण्याची शक्यता जास्त. चेहरा, बाजू, मागचे पाय आणि पंखांच्या शिरा, चारही फोटो स्पष्ट हवेत. एकट्या पाठीच्या फोटोवरून कुणी जात सांगितली तर विश्वास ठेवू नका.