निगेटिव्ह ईज आणि इलॅस्टिकचं माप

स्विमसूट, ब्रा असे ताणणाऱ्या कापडाचे कपडे शिवताना दोन गोष्टींची गल्लत होते. कापडाचा ताण वेगळा, निगेटिव्ह ईज वेगळं. १० सेंमी कापड सहज ओढून १५ सेंमी झालं, तर ताण ५० टक्के. निगेटिव्ह ईज म्हणजे शिवलेला कपडा अंगापेक्षा किती लहान ते: नितंब ९० सेंमी, कपडा ८१, म्हणजे १० टक्के.

स्विमसूटच्या पायाच्या घेरात इलॅस्टिक सगळीकडे सारखं ओढू नका. पुढे जवळपास कापडाइतकंच ठेवा, मागे ओढून लावा. नाहीतर पुढे काचतं आणि मागे वर सरकतं. साधं विणलेलं इलॅस्टिक क्लोरीनच्या पाण्यात लवकर सैल पडतं, क्लोरीन सोसणारंच घ्या. टीप झिगझॅगच, साधी सरळ टीप ताणली की तटकन तुटते. स्ट्रेच सुई (ताणणाऱ्या कापडासाठीची सुई) नसेल तर मधले टाके पडतच नाहीत, आणि दोष मात्र बिचाऱ्या मशीनला!

ब्रामध्ये दोन कपांमधला ब्रिज ताणायला नकोच, त्याला न ताणणारं अस्तर द्या. मागच्या पट्ट्याला पॉवरनेट (ताणणारं जाळीदार कापड) लावा, ते ज्या दिशेने जास्त ताणतं ती दिशा अंगाभोवती जाईल असं. कपाखालची वायर ज्या पट्टीत घालतो, तिच्यात वायरच्या दोन्ही टोकांना थोडी मोकळी जागा ठेवूनच आडवी टीप मारा, नाहीतर वायर पट्टी फाडून बाहेर येते.