स्टार्टरमधला ॲल्युमिनियम केबलचा स्क्रू परत परत ढिला का होतोय?

मळेकरी (खानापूर)
उसाच्या मळ्यात साडेसात एचपीची बोअरची मोटार आहे. मीटरपासून स्टार्टरपर्यंत ॲल्युमिनियमची केबल टाकलीय. स्क्रू गच्च आवळून ठेवतो, पण काही आठवड्यांत तो परत सैल. एका फेजचं इन्सुलेशन काळं पडलंय. शेजारचे म्हणतात, मोटारीच्या थरथरीनं होतंय. पण मोटार खाली बोअरमध्ये, स्टार्टर वर भिंतीला. नेमकं काय होतंय?

वाइंडिंगवाला (उद्यमबाग)
थरथर नव्हे हो. केबल सोडवून टोक बघा. स्क्रूखालच्या तारा चेपून पातळ झाल्यात आणि कडेला पसरल्यात. तुम्ही आवळून गेल्यावरही त्या पसरतच राहतात. याला क्रीप म्हणतात.

धातू वितळायच्या किती जवळ आहे, यावर हे ठरतं. तापमान केल्विनमध्ये धरायचं, म्हणजे सेल्सिअस अंशांत 273 मिळवायचे; आपली हवा साधारण 300. शिसं 600 ला वितळतं, म्हणजे ते निम्म्या वाटेवर बसलेलं; नुसत्या स्वतःच्या वजनानंही वर्षानुवर्षं ओघळतं. लोखंड 1811, त्याला आपला उन्हाळासुद्धा जाणवत नाही. ॲल्युमिनियम 933, तिसऱ्या हिश्श्यावर. एरवी ते सावकाश चालतं, पण स्क्रूच्या टोकाखाली दाब भयंकर, त्यात मोटारीचा लोड आला की तापतं.

तापलं की ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. स्क्रू हलू देत नाही, मग धातू कडेला सरकतो. मोटार बंद झाली की आक्रसतं आणि फट राहते. फटीत हवा शिरते, ऑक्साइडचा थर धरतो, त्यातून करंट जात नाही, जॉइंट आणखी तापतो. शेवटी एक फेज तुटतो आणि मोटार दोन फेजवर घुमत राहते. स्टार जोडणीची (तिन्ही वाइंडिंगची एकेक टोकं एकत्र बांधलेली) अशी मोटार उघडली की दोन फेजची वाइंडिंग कोळसा, तिसरी कोरी करकरीत. वाइंडिंगचा खर्च शेतकऱ्याच्या माथी आणि ऐन भरात ऊस वाळतो. फार जीव जळतो बघून.

जास्त आवळू नका, त्यानं तारा अजून चेपतात. बायमेटल लग घ्या, म्हणजे तारेच्या टोकावर बसवायची, एका बाजूला ॲल्युमिनियम आणि दुसऱ्या बाजूला तांबं असलेली टोपी. तारा घासून ऑक्साइड रोखणारी पेस्ट लावा, मापाच्या डायनं क्रिम्प करा, म्हणजे दाबून पक्की बसवा. बोल्टखाली बशीच्या आकाराचा स्प्रिंग वॉशर टाका, धातू थोडा सरकला तरी तो दाब धरून ठेवतो.

निवृत्त लाइनमन (निपाणी)
बरोबर आहे. पोलवरच्या तारेलाही हेच होतं. नवी तार ताणावर वर्षानुवर्षं लांबत जाते, झोळ वाढतो. म्हणून ओढतानाच पुढच्या वर्षांचा झोळ हिशेबात धरतात. मध्ये पोलादी गाभा असलेली तार घेतली की ताण बराचसा गाभा सोसतो.

मळेकरी
काका, मोटारीकडची वायर तांब्याची, बारीक तारांची आहे. तिच्या टोकाला डाख लावून स्क्रूखाली घालू का?

वाइंडिंगवाला
अजिबात नको. शिसं-कथलाची डाख 183 अंशालाच वितळते, केल्विनमध्ये 456. आपली हवाच तिच्या दोन तृतीयांशावर. स्क्रूखाली ती ॲल्युमिनियमपेक्षा लवकर दबते. तांब्याला साधा पिन लग क्रिम्प करा, डाख नको.

आणि ॲल्युमिनियमचं काळं पडलेलं टोक कापूनच टाका, चकचकीत तार लागेपर्यंत. मेन पाडा, फ्यूज काढून खिशात ठेवा, तिन्ही फेजला टेस्टर लावा, मगच हात घाला. थ्री फेज कधी येईल याचा भरवसा नाही.