सावित्रीबाई जयंतीचा मेळावा: दवात कागद, रंग आणि डफ कसे टिकवायचे?

वस्ती_मंडळ
३ जानेवारीला नागपुरात आमच्या वस्तीच्या मैदानात मेळावा आहे, वेळ संध्याकाळी सहा ते नऊ. बांबू-कागदाचं सहा फुटी उघडं पुस्तक खांद्यावर घेऊन गल्ल्यांतून फेरी, मग २५ मिनिटांचं पथनाट्य, दोन डफ, १२ बाय ३ फुटांचं बॅनर. माणसं दीडशेच्या आसपास. अडचण दवाची: कागद मऊ पडतो, रंग ओघळतो, डफ उतरतो. फ्लेक्स वापरायचा नाही.

कामची
बडग्यांची, म्हणजे पोळ्यानंतर नागपुरात मिरवतात त्या बांबू-कागदाच्या पुतळ्यांची, पद्धत इथे जशीच्या तशी चालत नाही भाऊ. मारबतीच्या मिरवणुकीतले बडगे त्याच दिवशी जाळायचे असतात, त्यांना टिकावं लागत नाही. तुमच्या पुस्तकाला लागेल.

बांबू वाळलेला घ्या. ओल्या कामच्या (बांबूच्या चिरलेल्या पट्ट्या) सुकताना आकसतात आणि गाठी सैल होतात. चौकटीला आडव्या-उभ्यांसोबत कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरपी कामची हवीच, नाहीतर चालताना चौकट लचकते आणि कागद कण्याशी फाटतो.

खळ: एक वाटी मैदा आधी थंड पाण्यात कालवा, एकूण पाणी पाच वाट्या, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळा. सरळ गरम पाण्यात मैदा टाकला की गुठळ्या होतात. मोरचूद घालू नका, ते विषारी आहे आणि पुस्तकाला मुलांचे हात लागणार.

एका वेळी कागदाचे दोनच थर, असे एकूण सहा. अकरा ते चार उन्हात, चारनंतर घरात. इथेच बहुतेकांचं चुकतं: रात्री बाहेर राहिलेलं काम दिवसभराचं ऊन वाया घालवतं. पूर्ण वाळल्यावरच ऑइल पेंटचा हात द्या. आत ओल राहिली तर रंगाखाली फुगे येतात आणि कागद कुजतो. हे सगळं वाळायला दिवस लागतात, म्हणून २० डिसेंबरला सुरुवात करा.

फेरीच्या वाटेवर लोंबणाऱ्या तारा आधी दिवसा पाहून ठेवा. खांद्यावर घेतल्यावर पुस्तकाचं टोक अकरा फुटांच्या आसपास जाईल. तार बांबूने वर ढकलायची नाही, गल्ली बदलायची.

रंगपेटी
बॅनरसाठी गांधीबागेच्या कापडबाजारातून मांजरपाट (जाडंभरडं सुती कापड) घ्या आणि आधी धुवा. कापडातली खळ निघाली नाही तर रंगाचे पोपडे पडतात. पोस्टर कलर दवात ओघळणारच, अॅक्रिलिक वापरा. अक्षरं किमान नऊ इंच, आणि देवनागरीला वर वेलांटीसाठी, खाली उकारासाठी जागा सोडा. तीन फुटांत दोन ओळी कोंबू नका. ‘१८४८, भिडे वाडा’, म्हणजे फुल्यांच्या मुलींच्या शाळेचं वर्ष आणि पुण्यातली जागा, एवढंच मोठं लिहिलं तरी पुरे. वर-खाली कापड दुमडून नेफा शिवून त्यात बांबू घाला.

डफ_आणि_घुंगरू
चामडं दमट हवा ओढून घेतं, म्हणून आवाज बसतो. शेकोटीपासून हातभर अंतरावर डफ फिरवत तापवा, एका जागी धरला तर चामडं करपतं आणि पुढच्या थापेला फाटतं. दोन डफ आहेत, तर एक वाजताना दुसरा शेकत ठेवा आणि मधल्या वेळी जाड सुती कापडात गुंडाळा.

पण खरी चूक वेळेची आहे. नागपुरात तेव्हा पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. साडेतीनला फेरी, साडेचारला नाटक करा. नट पश्चिमेकडे तोंड करून उभे राहिले की उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडतो आणि लोकांच्या पाठीला ऊन मिळतं, दिव्यांचा खर्च वाचतो. सतरंजीखाली गोणपाट टाका, थंडी जमिनीतून चढते आणि म्हातारी माणसं त्यामुळेच आधी उठतात.

लाउडस्पीकरचा अर्ज ठाण्यात लवकर द्या. डिसेंबरात इथे विधिमंडळाचं अधिवेशन असलं की पोलीस मोर्च्यांच्या बंदोबस्तात असतात. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्यापासून शंभर मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर असू शकतो, तोही तपासा.

वस्ती_मंडळ
वेळ साडेतीन केली. चहा किती लागेल?

डफ_आणि_घुंगरू
माणशी ८० मिली धरा, म्हणजे १२ लिटर. दूध-पाणी निम्मं-निम्मं, साखर सव्वा किलो, पत्ती पाव किलो. आटण्यासाठी लिटरभर पाणी जास्त ठेवा. नाटक संपल्यावरच वाटा, आधी वाटला तर रिंगण मोडतं.