ड्रायव्हरचा फटका कधी उजवीकडे, कधी डावीकडे: दुरुस्तीची सुरुवात कुठून करावी?

अठरावे होल यांचा प्रश्न

जाणकारांना नमस्कार. मी उजव्या हाताने गोल्फ खेळतो आणि माझा हँडिकॅप (कौशल्याचा आकडा; जितका कमी, तितका खेळ चांगला) १८ च्या आसपास रेंगाळतो आहे. ७ नंबरचा आयर्न (मध्यम अंतराचा क्लब) हातात असला की चेंडू साधारण मनात धरलेल्या जागी जातो. थोडा आखूड पडेल किंवा थोडा लांब जाईल, पण दिशा फारशी बिघडत नाही. ड्रायव्हर (सर्वांत लांब मारण्याचा क्लब) काढला की मात्र सगळा भरवसा संपतो. एक फटका फेअरवेच्या (कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्याच्या) मधोमध पडतो, पुढचा सरळ निघून शेवटी उजवीकडे वळत झाडीत जातो, आणि त्यानंतरचा निघतानाच डावीकडे निघून तिथून आणखी डावीकडे वळतो. चूक नेहमी एकाच बाजूला होत असती तर त्या हिशोबाने नेम धरता आला असता. दोन्ही बाजूंची धास्ती असल्यामुळे टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, उभे राहिल्यावर नेम कुठे धरावा हेच कळेनासे होते.

आतापर्यंत मिळालेले सल्ले एकमेकांशी जुळत नाहीत. एकाने डावा हात ग्रिपवर आणखी उजवीकडे फिरवून धरायला सांगितले आणि मी ते अमलात आणले. दुसऱ्याने स्विंग आतून बाहेर न्यायला सांगितले, तर तिसऱ्याने नुसते सावकाश मारायला. स्विंग, उभे राहण्याची पद्धत आणि क्लब या तिन्हींपैकी आधी कशाकडे पाहावे, आणि ते कसे तपासावे, हे कृपया सांगावे.

लाकडी टी यांचे उत्तर

सर्वप्रथम चेंडू फेसच्या, म्हणजे क्लबच्या चेंडूला भिडणाऱ्या पृष्ठभागाच्या, कोणत्या भागावर लागतो आहे ते पाहावे. हे कळण्याआधी स्विंगमध्ये केलेला कोणताही बदल म्हणजे आजाराचे निदान न करता दिलेले औषध ठरते.

याचे कारण ड्रायव्हरच्या घडणीत आहे. आयर्नचे वस्तुमान फेसच्या अगदी मागे असते. ड्रायव्हरचे डोके पोकळ आणि खोल असल्यामुळे त्याचा गुरुत्वमध्य फेसपासून बराच मागे असतो. चेंडू मध्यापासून बाजूला लागला की डोके त्या गुरुत्वमध्याभोवती किंचित फिरते आणि दातेरी चाकांच्या जोडीप्रमाणे चेंडूला उलट दिशेची फिरकी मिळते. तुमच्यासारख्या उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू शाफ्टच्या (दांड्याच्या) बाजूला, म्हणजे हीलवर लागला तर तो उजवीकडे वळू लागतो आणि टोवर, म्हणजे त्याच्या विरुद्ध टोकाला, लागला तर डावीकडे वळू लागतो. फेसला आडवी फुगवट ठेवलेली असते ती यासाठीच, की टोवर लागलेला चेंडू थोडा उजवीकडे निघावा आणि वळून मध्याकडे यावा. उभ्या दिशेतही असेच घडते: फेसवर खाली लागलेला चेंडू कमी उंचीने पण जास्त बॅकस्पिन (मागच्या दिशेची फिरकी) घेऊन निघतो, तर मध्याच्या किंचित वर लागलेला चेंडू उंच, कमी बॅकस्पिनने आणि लांब जातो. म्हणजे दोन स्विंग तंतोतंत सारखे असूनही दोन चेंडू वेगवेगळ्या ठिकाणी पडू शकतात. ७ नंबरच्या आयर्नमध्ये हा परिणाम नगण्य असतो, शिवाय त्याचा लॉफ्ट (फेसचा मागे झुकलेला कोन) अधिक असल्यामुळे बॅकस्पिनच इतका असतो की फेस आणि स्विंगचा मार्ग यांतील थोडा फरक खपून जातो. तुमचा आयर्न सरळ जातो याचा अर्थ स्विंग निर्दोष आहे असा होत नाही. आयर्न दोष झाकतो, एवढाच होतो.

दुसरी गोष्ट उड्डाणाची. चेंडू कोणत्या दिशेने निघणार हे मुख्यतः क्लबमार्ग ठरवतो असे पूर्वी शिकवले जाई. रडारच्या मोजणीने ते चुकीचे ठरवले. ड्रायव्हरच्या बाबतीत सुरुवातीच्या दिशेचा सुमारे चार पंचमांश वाटा फेसचा असतो, आणि चेंडू नंतर किती वळणार हे फेस आणि मार्ग यांच्यातील फरकावर अवलंबून असते. तुमचे वर्णन या दृष्टीने वाचले तर सरळ निघून उजवीकडे वळणाऱ्या फटक्यात फेस जवळपास लक्ष्याकडे असून मार्ग त्याच्या डावीकडे गेलेला असावा, किंवा चेंडू हीलवर लागलेला असावा. डावीकडे निघून आणखी डावीकडे जाणारा फटका मात्र टोवर लागलेला नव्हे, कारण टोवर लागलेला चेंडू सहसा उजवीकडे निघतो. तिथे फेसच मिटलेला, म्हणजे डावीकडे वळलेला होता. ग्रिप फिरवण्याच्या सल्ल्याने तुमची डावी चूक निर्माण केली असण्याची शक्यता मला मोठी वाटते.

तपासणीसाठी व्हाइटबोर्डच्या मार्करने चेंडूच्या मागच्या बाजूला जाड ठिपका काढावा आणि तो फेसकडे येईल असा चेंडू टीवर (चेंडू ठेवायच्या छोट्या खुंटीवर) ठेवावा. फटक्यानंतर फेसवर उमटलेली खूण आणि चेंडूचे वळण दोन्ही वहीत लिहून फेस पुसून घ्यावा. हे केवळ सरावात करावे. नियमित फेरीत असे काही करण्याच्या फंदात पडू नये. खुणा दिसल्याशिवाय मी पुढचे काही सांगणार नाही.

तिरपी सावली यांचे उत्तर

वरील विवेचन पटण्यासारखे आहे, परंतु खुणा पाहण्याआधी चेंडूची जागा तरी पक्की करून घ्यावी, नाहीतर खुणाही दर वेळी वेगळीच गोष्ट सांगतील. चेंडू पुढे, म्हणजे लक्ष्याच्या बाजूला, ठेवायचा असतो म्हणून बहुतेक जण तो डाव्या टाचेच्या आतल्या बाजूस ठेवतात, आणि फेरी पुढे सरकते तसतसा तो नकळत आणखी पुढे, पंजाच्या रेषेपर्यंत जातो. त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी खांदे डावीकडे उघडतात. पाय लक्ष्याला समांतर असल्यामुळे आपण नीट उभे आहोत असेच वाटत राहते, पण स्विंग खांद्यांच्या रेषेचे ऐकतो. क्लबचे डोके कमानीत फिरत असल्यामुळे सर्वांत खालचा बिंदू ओलांडल्यावर त्याचा मार्ग अधिकाधिक डावीकडे जातो; चेंडू जितका पुढे, तितका तो तिथे उशिरा पोहोचतो आणि मार्गही तितकाच डावा होतो.

एक क्लब छातीवर आडवा धरून तो कुठे रोखला आहे हे मागे उभ्या असलेल्या कुणाला तरी पाहायला सांगावे. स्वतःला ते कधीच कळत नाही. टीची उंची साधारण अशी असावी की क्लब जमिनीवर टेकवल्यावर अर्धा चेंडू डोक्याच्या वर दिसेल. त्यातही नेमक्या मापापेक्षा ती दर वेळी सारखी असणे महत्त्वाचे आहे. उजवा खांदा डाव्यापेक्षा थोडा खाली असू द्यावा. त्यामुळे चेंडू वर जाणाऱ्या क्लबने मारला जातो आणि त्यासाठी हातांनी उचलण्याची गरज राहत नाही.

आखूड शाफ्ट यांचे उत्तर

क्लबच्या लांबीचा कुणीच उल्लेख केला नाही. सध्या दुकानात मिळणारे ड्रायव्हर साधारणतः ४५ ते ४६ इंचांचे असतात. टायगर वुड्सने २००० च्या सुमारास वापरलेला ड्रायव्हर ४३.५ इंचांचा, पोलादी शाफ्टचा होता, आणि तो कमी अंतर मारत होता असे कुणी म्हणणार नाही. आपण हौशी लोक त्याच्यापेक्षा लांब क्लब घेऊन फेसच्या मध्यावर चेंडू लागावा अशी अपेक्षा करतो, हे थोडे विचित्रच आहे. पैसे खर्च करण्याआधी ग्रिपवर इंचभर खाली धरून पाहावे. अंतर थोडे घटेल असे वाटते, पण मध्यावर लागलेल्या फटक्यांमुळे ते पुष्कळदा भरून निघते.

लॉफ्ट ९ अंशांचा असेल तर १०.५ किंवा १२ चाही विचार करावा. मात्र लॉफ्ट बदलता येणारा ड्रायव्हर असेल, तर लॉफ्ट वाढवताना फेस थोडा मिटतो हे ध्यानात ठेवावे; तुमच्या डाव्या चुकीला ते पोषक ठरेल. म्हणून ते सर्वांत शेवटी.

सावकाश मारण्याच्या सल्ल्याबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. मुद्दाम मंद केलेल्या स्विंगमध्ये शरीर थांबते आणि हात पुढे पळतात, म्हणजे फेस मिटण्याची आणखी एक सोय होते.

अठरावे होल यांची पुरवणी

सर्वांचे आभार. चेंडूची जागा टीजवळ क्लब आडवा ठेवून पक्की केली आणि मार्करचा प्रयोग केला. उजवीकडे वळलेल्या जवळजवळ प्रत्येक फटक्याची खूण हीलकडे आणि मध्याच्या खाली होती. डावीकडे गेलेल्यांच्या खुणा मात्र मध्याच्या आसपासच सापडल्या, आणि ते फटके हातांना अगदी गोड लागले होते. डाव्या हाताच्या तीन गाठी (बोटांच्या मुळाशी असलेले सांधे) वरून दिसतील अशी ग्रिप अजून तशीच आहे. सुरुवातीला खांदे बरेच उघडे असल्याचेही दिसून आले.

लाकडी टी यांचे उत्तर

या खुणांवरून चित्र बरेच स्पष्ट होते. चेंडू मध्यावर लागला की फिरवलेल्या ग्रिपमुळे मिटलेला फेस आपले काम करतो आणि चेंडू डावीकडे जातो. हीलवर लागला की उलट फिरकी त्या मिटलेल्या फेसवर मात करून त्याला उजवीकडे वळवते. तुमचे जे फटके मधोमध पडतात, त्यांपैकी काहींत या दोन चुका एकमेकींना छेदत असाव्यात. फेस एक अंशाने चुकला तर २५० यार्डांवर चेंडू सुमारे ४.४ यार्ड बाजूला जातो, आणि पाच अंशांनी चुकला तर जवळपास २२. वळण त्यात धरलेलेच नाही.

म्हणून ग्रिप आयर्नसाठी धरता तशीच पूर्ववत करावी, म्हणजे वरून दोन गाठी दिसतील. पहिल्या काही फटक्यांत स्लाइस, म्हणजे उजवीकडचे वळण, वाढेल. तेवढ्यावरून घाबरून पुन्हा हात फिरवू नये. मग हीलकडे वळावे. हीलवर लागण्याची नेहमीची कारणे दोन: एकतर माणूस चेंडूच्या फार जवळ उभा असतो, नाहीतर खाली येताना कंबर चेंडूकडे ढकलली जाऊन वजन पायांच्या बोटांवर येते. दुसरे ओळखायचे तर फटक्यानंतर तोल कुठे जातो ते पाहावे; पुढे पाऊल टाकावे लागत असेल तर तेच.

सरावाला चेंडूच्या टीपलीकडे, ड्रायव्हरच्या टोच्या पुढे बोटभर अंतरावर, एक रिकामी टी रोवावी आणि तिला न उडवता फटका मारावा. चेंडू हीलवर लागत असेल तर डोके पुढे सरकून ती बाहेरची टी आधी उडेल. सुरुवात कमरेपर्यंतच्या अर्ध्या स्विंगने करावी, ग्रिपवर इंचभर खाली धरण्याची वरची सूचनाही इथे वापरावी, आणि टी सलग शाबूत राहू लागली की पूर्ण स्विंगकडे जावे. ठिपक्याची खूण मधूनमधून तपासत राहावी, कारण काही जण टी वाचवण्याच्या नादात चेंडू टोवर घेऊ लागतात.