'विटनेस' (१९८५): साक्षीदार पोराची साक्ष गेली कुठे?

चिंचगोळी:
काल हॅरिसन फोर्डचा 'विटनेस' पाहिला. सुरुवातीने जागचं हलू दिलं नाही. फिलाडेल्फिया स्टेशनात आई रेचलबरोबर गाडीसाठी थांबलेला आमिश (आधुनिक सोयी टाळून साधेपणाने, हिंसेपासून दूर राहणारा ख्रिस्ती पंथ) पोरगा सॅम्युअल, स्वच्छतागृहात डोळ्यांदेखत झालेला खून, मग एकेक दार ढकलत येणारा खुनी, आणि पोराच्या दाराची कडी काही केल्या लागत नाही! पण पुढे? तपास करणारा पोलीस फोर्ड गोळी लागून त्यांच्या शेतावर जातो आणि सिनेमा दूध काढणं, सुतारकाम नि रेचलच्या नजरा यांतच रमतो. पोरगा बाजूला. नाव 'साक्षीदार' आणि कोर्ट एकदाही नाही? दिग्दर्शक पीटर वीअरची गाडी रुळावरून घसरली, असं माझं मत. (शेवट माहीत नसेल तर पुढे वाचू नका.)

भेळभत्ता:
सुतारकाम म्हणून हिणवू नका हो! सगळा समाज मिळून एका दिवसात कोठार उभं करतो, त्यावर मॉरिस जारचं संगीत. त्या आमिश मंडळींत नट विगो मॉर्टेन्सनही आहे, मोठ्या पडद्यावरचं त्याचं पहिलं काम. पटकथा आणि संकलन अशी दोन ऑस्कर उगाच नाही मिळाली. पोराबद्दल मात्र तुमच्याशी थोडा सहमत.

निवृत्त लघुलेखक:
चिंचगोळीताई, कोर्ट का नाही ते कथेतच आहे. पोलीस ठाण्यात फिरता फिरता सॅम्युअल बक्षिसांच्या काचेच्या कपाटापाशी थबकतो. आत वर्तमानपत्राचं कात्रण, त्यात मॅकफी या अधिकाऱ्याचा फोटो. पोरगा बोट दाखवतो. फोर्ड हातातला फोन सोडून येतो आणि ते बोट हलकेच आपल्या मुठीत मिटवतो. दोघांच्या तोंडून शब्द नाही. झाली ओळख परेड! आणि जागच्या जागी दडपावीही लागली, कारण खुनी खात्यातलाच. फोर्ड वरिष्ठांच्या कानावर घालतो, तर ते साहेबही सामील. गोळी बसल्यावर तो सहकाऱ्याला सांगून केसचे कागदच गायब करायला लावतो. कागदावर नाव राहिलं असतं तर पोरगा गेलाच होता. असा साक्षीदार पिंजऱ्यात उभा कसा करणार?

मी सत्र न्यायालयात लघुलेखक होतो, पोरांच्या साक्षी पुष्कळ टिपल्या. आधी न्यायाधीश स्वतः विचारतात: नाव काय, कितवीत आहेस, खोटं बोलणं चांगलं की वाईट? ती प्रश्नोत्तरं साक्षीच्या माथ्यावर नोंदवतात. बारा वर्षांखालच्या मुलाला शपथ म्हणजे काय ते उमगत नसेल, पण खरं बोलायचं असतं एवढं समजत असेल, तर शपथेविनाही साक्ष घेता येते. मग उलटतपासात वकिलाचा ठरलेला प्रश्न: "तुला काय बोलायचं ते कोणी सांगितलं?" पोर म्हणतं, "आईनं सांगितलं, खरं बोल." वकील त्यातलं पहिलं अर्धं तेवढं उचलतो.

म्हणून मला विचाराल तर सॅम्युअलची साक्ष घरातच होते. फोर्डचं पिस्तूल त्याच्या हाती लागतं, तेव्हा आजोबा ईलाय ते टेबलावर ठेवून त्याला जवळ घेतात. माणूस मारशील का, विचारतात. वाईट असला तरच, पोरगा सांगतो. वाईट आहे हे कसं कळणार? तर म्हणे, ते काय करतात ते दिसतं, मी पाहिलंय. आठ वर्षांचा लूकस हास हे इतकं सरळ बोलतो की ऐकवत नाही. त्यावर आजोबांचा उलटतपास: पाहिलंस म्हणून तू त्यांच्यातला होणार का? असा प्रश्न आमच्या कोर्टात एकाही वकिलाने विचारला नाही.

आणि शेवटी तो सामील साहेब साथीदारांसह शेतावर चालून येतो, तेव्हा घंटा कोण वाजवतो? तुमचा बाजूला पडलेला पोरगाच. शेजारपाजारचे शेतकरी रिकाम्या हातांनी धावत येतात आणि नुसते बघत उभे राहतात. साहेबाच्या हातात बंदूक आहे, पण मारणार किती जणांना? एका साक्षीदाराचे तिथे पन्नास झाले.

चिंचगोळी:
घंटेचं मान्य. रेचलचं प्रकरण तरीही लांबलंय, त्यावर माघार नाही. पण काका, आपल्याकडे नुसत्या पोराच्या शब्दावर शिक्षा होते?

निवृत्त लघुलेखक:
होते. पोर पढवलेलं नाही आणि विश्वासार्ह आहे अशी खात्री पटली, तर एकट्या त्याच्या साक्षीवरही शिक्षा टिकू शकते. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात तसं म्हटलंय. तरी न्यायाधीश दुसरीकडून दुजोरा मिळतोय का ते बघतातच. पंचनाम्यातली जागा आणि पोराने सांगितलेली जागा जुळली की निम्मं काम होतं.

भेळभत्ता:
दहा वर्षांच्या भाच्याला दाखवू का?

निवृत्त लघुलेखक:
नको. खून गळा चिरून आहे, आणि शेवटी एक जण धान्याखाली गुदमरून मरतो तेही बरंच लांबवलंय. कोठाराचा भाग तेवढा दाखवा.