टी-रेग पेशी कमी पडल्या म्हणून आईची बोटं आखडली का?

प्रश्न (अक्कलकोट रोड, सोलापूर): आई तीस वर्षं विड्या वळते. आता रुमॅटॉइड संधिवात निघालाय. सकाळी नऊपर्यंत बोटं मिटत नाहीत, दोरा गुंडाळताना पान सुटून सुपात पडतं. बघवत नाही. आपलंच शरीर आपल्या सांध्यांवर का उठतं? टी-रेग वाढवायचं औषध मिळतं का?

उत्तर १: लॅबमध्ये काम करतो, म्हणून लिहितोय. टी-रेग म्हणजे बाकीच्या प्रतिकारपेशींना आवरणाऱ्या पेशी. १९९५ मध्ये शिमोन साकागुचींनी त्या उंदरांत दाखवल्या. २००१ मध्ये मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल यांनी फॉक्सपी३ जनुक शोधलं. ते बिघडलं की तान्ह्या बाळांना आयपेक्स हा जीवघेणा आजार होतो. २०२५ चं नोबेल या तिघांना मिळालं. आईंचं मात्र तसं नाही, ताई. सुजलेल्या सांध्यात टी-रेग असतात, बऱ्याचदा रक्तापेक्षा जास्तच. पण तिथल्या दाहापुढे त्यांचं चालत नाही.

उत्तर २: टी-रेगवर अजून प्रयोगच चालू आहेत. मेथोट्रेक्सेट हे संधिवाताचं औषध दिलं असेल तर ते आठवड्यातून एकदाच, हे नीट बघा. सासूबाईंनी चुकून रोज घेतलं, तोंडभर फोड आले होते.

प्रश्नकर्ती: तेच दिलंय. आत्ताच डबीवर ‘फक्त सोमवार’ लिहिलं.