तीन वर्षं फोन उचलू नका आणि विमानात बसा? वा रे सल्ला!

खामल्याचा हिशोबनीस
डब्लिनला निघालेल्या एका नागपूरच्या पोराने काल लिहिलंय: ‘कार्डाचे ३८ हजार २०२३ पासून थकलेत. तीन वर्षं भरायला थोडेच महिने उरले. एकदा गेलो की विषय संपला. सिबिल काय मागे मागे आयर्लंडला येणार आहे? तुम्हीही भरू नका.’ खाली सगळे टाळ्या वाजवून राहिले. डोकं उठलं, म्हणून सविस्तर लिहितो.

बाळा, तुझं गणित पहिल्याच ओळीत चुकलं. बँकेला कोर्टात दावा लावायला तीन वर्षांची मुदत असते, ती तू मोजतोस. पण १९६३ चा मुदतीचा कायदा उघड, कलम १५, पोटकलम ५. देणेकरी जितका काळ भारताबाहेर असतो तितका काळ मुदतीत धरतच नाहीत. तू सोनेगावहून उडालास की तुझी तीन वर्षं तिथेच थांबली. पाच वर्षांनी दिवाळीला आलास तर उरलेले महिने तिथून पुढे मोजायचे. धरमपेठेत घरी बसून राहिला असतास तर लवकर सुटला असतास!

आणि मुदत संपली म्हणजे कर्ज संपलं, हे कोणी शिकवलं? कोर्टात दावा लावायची वाट बंद होते, देणं बंद होत नाही. रिपोर्टवर डाग राहतो. त्याच बँकेत तुझं जुनं पगाराचं खातं असेल तर त्यातली रक्कम बँक वळती करून घेऊ शकते. खातं एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्याचं इथलं रुपयातलं खातं, केलंस म्हणून ते वाचत नाही.

३८ हजार, महिना साडेतीन टक्के, चढत्या व्याजाने तीन वर्षांत १ लाख ३१ हजारांच्या घरात जातात. लेट फी आणि व्याजावरचा जीएसटी वेगळा. जायच्या आधी बोलणी कर, कागद घे, मग खुशाल जा.

बर्डीचा बंड्या
काका, तुम्ही बँकेचे जावई का? तुमचंच गणित पाहा ना. ३८ चे १३१ होतात आणि शरम पोराने धरायची? २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ३० टक्क्यांवरचं व्याज अनुचित ठरवलं होतं. तो आदेशही सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. म्हणजे आता वर छप्परच नाही. मल्ल्या मार्च २०१६ मध्ये निघून गेला, तेव्हा तुमचं हे पोटकलम ५ कुठे झोपलं होतं?

माझं २०११ चं एक कार्ड आहे. कॉलेजच्या गेटवर टेबल टाकून, बॅग फुकट देऊन गळ्यात मारलेलं. मी एक रुपया भरला नाही. घर झालं, गाडी झाली, मजेत आहे.

खामल्याचा हिशोबनीस
घर रोखीने घेतलं का बंडूभाऊ? की बाबांच्या नावावर आहे?

बर्डीचा बंड्या
बायकोच्या. तुम्हाला काय करायचं?

सुलभा, प्रतापनगर
कायदा तुम्ही बघा बाई, मी घरातलं सांगते. माझ्या जाऊबाईंचा मुलगा मेलबर्नला गेला, कार्ड तसंच ठेवून. त्याला तिकडे एक फोन नाही. फोन कोणाला? माझ्या दिरांना. निवृत्त शिक्षक, बायपास झालेले. सकाळी साडेसातला, रात्री नऊला. ‘तुमचा मुलगा फ्रॉड आहे, पोलीस घेऊन येतो.’ एकदा तर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घरात बायका बसलेल्या आणि दारात दोन माणसं उभी. शेजारच्या दाण्यांकडेही विचारून गेले की ‘हे लोक पैसे बुडवून पळालेत का?’ दिरांनी शेवटी एफडी मोडून भरले. मुलगा म्हणाला, बाबा तुम्ही उगाच भरलेत. उगाच! त्यांचं सकाळचं फिरणं बंद झालं होतं, कारण रस्त्यात कोणी विचारेल म्हणून.

त्या डब्लिनच्या पोराने आधी आईबाबांचा नंबर अर्जात संपर्क म्हणून दिलाय का ते पाहावं.

माजी वसुलीवाला
ताई, झालं ते वाईटच. पण सरसकट आम्हालाच राक्षस करून राहिले सगळे, म्हणून बोलतो. मी सदरच्या एका एजन्सीत फिल्डवर होतो. आमचा पगार म्हणजे नाव, खरं पोट कमिशनवर. ९० दिवसांच्या आतली केस सोपी, माणूस फोन उचलतो. खरा त्रास राइट-ऑफ झालेल्या पूलचा, म्हणजे बँकेने बुडीत धरलेल्या कर्जांच्या गठ्ठ्याचा. त्यात अर्धे नंबर बंद, पत्ता भाड्याच्या खोलीचा, माणूस बंगलोर नाहीतर बाहेर. मग यादीत जो नंबर चालू आहे त्यावर लावतात. तो बापाचा निघतो. वरून टीएल, म्हणजे टीम लीडर, ओरडून राहिला असतो की आज किती पीटीपी, म्हणजे पैसे भरण्याचे वायदे, आणले.

तुमचा मुलगा जाताना एक मेल टाकून गेला असता तर कोणी दारात आलं नसतं.

सुलभा, प्रतापनगर
म्हणजे चूक आमचीच?

माजी वसुलीवाला
तसं नाही म्हटलं मी.

बर्डीचा बंड्या
तसंच म्हटलं बे तू! हृदयाच्या पेशंटला रात्री नऊला फोन, आणि वरून ज्ञान. लाज वाटत होती का कधी?

माजी वसुलीवाला
वाटत होती. एमआयडीसीतली कंपनी बंद पडली म्हणून ते काम धरलं होतं. तुमच्यासारखे कार्डावर मोबाईल घेऊन २०११ पासून मजेत राहतात, आणि तुमच्या नावाच्या केसवर उन्हातान्हात मानेवाड्यापासून कोराडीपर्यंत फिरणारा पोरगा महिन्याला पेट्रोलही काढू शकत नाही. मे महिन्यात फिरून पाहा एकदा. मग लाजेचं बोलू.

बर्डीचा बंड्या
मोबाईल नाही, आईच्या ऑपरेशनचं बिल होतं. न विचारता बोलू नका.

माजी वसुलीवाला
बरं. तेवढं मागे घेतो. बाकीचं नाही.

कोर्टाच्या पायरीवरून
भांडण थांबवा, नियम सांगतो. वकिली करतो, पण हा फुकट सल्ला नाही, फुकट माहिती आहे. रिझर्व्ह बँकेचं ऑगस्ट २०२२ चं परिपत्रक आहे: सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन नाही, चारचौघांत अपमान नाही, नातेवाईक-मित्रांच्या खासगीपणावर आक्रमण नाही. सुलभाताईंच्या दिरांची सही त्या कार्डावर नसेल तर त्यांच्यावर एका पैशाची जबाबदारी नव्हती. आधी बँकेला लेखी तक्रार, ३० दिवसांत समाधान नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. २०२१ पासून एकच योजना आहे, ऑनलाइन होते, फी नाही. संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेच्या इमारतीपुढे जाऊन उभं राहायची गरज नाही.

लोकअदालतीची नोटीस पाहून लोक फार घाबरतात. दावा दाखल होण्याआधीची ती नोटीस म्हणजे तडजोडीचं बोलावणं. तुमच्या संमतीशिवाय तिथे तुमच्यावर काही लादता येत नाही. मात्र एकदा सही केलीत की तो निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा, अपील नाही. तिथल्या गर्दीत टेबलावरच्या माणसाने ‘करा हो सही’ म्हटलं म्हणून करू नका.

विमानतळावर अडवतील ही भीतीही काढा. कार्ड थकणं दिवाणी बाब आहे. सरकारी बँकांना २०१८ मध्ये लुकआउट, म्हणजे देशाबाहेर जाताना अडवायची नोटीस, मागायचा अधिकार मिळाला होता, तो मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये रद्द ठरवला. आणि तो ३८ हजारवाल्यांसाठी कधीच वापरात नव्हता. चेक देऊन बाउन्स केला असेल तर मात्र गोष्ट वेगळी, कलम १३८ फौजदारी आहे.

बर्डीचा बंड्या
म्हणजे वकीलसाहेब माझ्याच बाजूने बोलून राहिले. अटक नाही, बापाची जबाबदारी नाही. काका?

कोर्टाच्या पायरीवरून
कोणाच्याच बाजूने नाही. १५(५) बद्दल काका बरोबर आहेत. तुमच्या २०११ वाल्याची मुदत केव्हाच गेली, कारण तुम्ही इथेच होतात. फक्त आता भावनेच्या भरात ‘मी भरतो’ असं लिहून सही करू नका. फेडण्याचं लेखी, सही केलेलं वचन दिलं की मुदत गेलेलं कर्ज करार कायद्याच्या कलम २५(३) ने पुन्हा जिवंत होतं. आणि ज्यांची मुदत अजून चालू आहे त्यांनी एजंटला ‘सध्या हजार टाकतो’ करताना ध्यानात ठेवा, त्या हजाराची तुमच्या हस्ताक्षरात किंवा सहीने लेखी नोंद झाली की तीन वर्षं नव्याने सुरू.

दोहा रिटर्न
इथे सगळे इकडून तिकडे पळायचं बोलून राहिले. उलटं कोणी पाहिलं का? मी आठ वर्षं आखातात होतो. आमच्या खोलीवरचा एक चंद्रपूरचा भाऊ दुबईचं कार्ड तसंच ठेवून रातोरात निघून आला, तेव्हा सगळ्यांनी त्याला हुशार म्हटलं. जानेवारी २०२० मध्ये सरकारने अधिसूचना काढली. आता अमिरातीच्या कोर्टाचा हुकूमनामा इथल्या जिल्हा न्यायालयात थेट अंमलबजावणीला येऊ शकतो, नवा दावा लावावा लागत नाही. तो भाऊ आता नोटीस घेऊन वकील शोधून राहिला. शारजाची फ्लाइट नागपूरहूनच आहे, सोय दोन्हीकडून आहे म्हणा!

खामल्याचा हिशोबनीस
हे भारी सांगितलं. आणि बंडूभाऊ, मल्ल्याचं उदाहरण तुम्ही दिलंत, तो लंडनमध्ये कोर्टाच्या तारखा मोजत बसला, डब्लिनला पार्टी करत नाही बसला. असो. तुमच्या आईच्या बिलाबद्दल ठाऊक नव्हतं. तशा माणसाला बँकेने सवलत द्यायलाच हवी, हे मान्य. पण हे पोरगं ‘तुम्हीही भरू नका’ सांगून राहिलं, त्याला तसं कारण दिसत नाही.

बर्डीचा बंड्या
१५(५) वाचलं. माझ्या साडूलाही विचारलं, तो कोर्टात लिपिक आहे. हाव, आहे तसं. मानलं. आता एवढंच सांगा, ३८ हजारांसाठी कोणती बँक डब्लिनला समन्स पाठवते? कायदा पुस्तकात आहे, वकिलाची फी खिशातून जाते.

खामल्याचा हिशोबनीस
पाठवणार नाही, बहुधा. ते कर्ज पूलमध्ये कोणाला तरी विकून टाकेल. मग तुमचा शत्रू बँकही राहत नाही, नाव न ऐकलेली कंपनी येते. आणि फोन पुन्हा सुलभाताईंच्या दिरांसारख्या कोणालातरी.

रेशीमबागची आई
मला खरंच मदत हवी आहे, टोमणे नकोत. मुलगी पुढच्या महिन्यात जर्मनीला चालली. कार्डाचे पैसे नोकरी गेल्यावर थकले होते. बँक ‘सेटलमेंट’ देते म्हणते, एजंट म्हणतो आजच माझ्या नंबरवर टाका, निम्म्यात मिटवतो. टाकू का?

माजी वसुलीवाला
मावशी, अजिबात नाही! एजंटच्या यूपीआयवर एक रुपया नाही. मी त्याच धंद्यातला, म्हणून सांगतो. आधी बँकेच्या लेटरहेडवर पत्र: कार्डाचे शेवटचे चार अंक, किती रकमेत, कोणत्या तारखेपर्यंत, आणि त्यानंतर बाकी शून्य. मेल बँकेच्या डोमेनवरून आलेला हवा, जीमेलवरून नाही. पैसे फक्त कार्ड खात्यातच. नंतर नो ड्यूज, म्हणजे काही बाकी नसल्याचा दाखला, घ्या. महिनाअखेरीला विचारा, टार्गेट अडलेलं असतं, रक्कम आणखी खाली येते.

खामल्याचा हिशोबनीस
आणि जमत असेल तर पूर्ण भरा. कमी रकमेत मिटवलं की रिपोर्टवर ‘सेटल्ड’ लागतं आणि ते वर्षानुवर्षं दिसतं. ती परत येऊन इथे गृहकर्ज मागेल तेव्हा पहिला प्रश्न तोच. नसेलच जमत तर सेटल्ड हे थकीतपेक्षा बरं. भरल्यावर महिन्याने सिबिलसारख्या चारही क्रेडिट ब्युरोंचे रिपोर्ट काढा, वर्षातून एकदा प्रत्येकाचा फुकट मिळतो. दुरुस्तीची तक्रार ३० दिवसांत सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई आहे, एप्रिल २०२४ पासून.

बर्डीचा बंड्या
मावशी, मुलीचा जर्मनीतला नंबर बँकेला द्या, तुमचा काढून टाका. आणि तो निम्म्यातवाला एजंट पुन्हा फोन करेल तेव्हा त्याला पत्रच मागा.

रेशीमबागची आई
आत्ताच मागितलं. म्हणाला, ‘पत्र पैसे टाकल्यावर.’

माजी वसुलीवाला
मग ठेवून द्या फोन. उद्या सकाळी सरळ शाखेत जा, जाताना मुलीचं ओळखपत्र आणि तिच्या सहीचं अधिकारपत्र घेऊन जा. तिलाच सोबत नेता आलं तर आणखी बरं.